'कट्यार काळजात घुसली' पुन्हा बघितला, परत गुंतलो

सुबोध भावेनं आधी हे नाटक रंगमंचावर नव्यानं आणलं आणि मग २०१५ ला त्याचाच पिक्चर केला, तोही दिग्दर्शनातला पहिलाच, म्हणजे डेरिंग बघा. नाटकात पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांची जुनी चुरस बरीचशी बोलण्यातून कळते, इथे ती सरळ दिसते आणि गायक शंकर महादेवन पंडितजी म्हणून चक्क ॲक्टिंग करतो राव! सचिन पिळगावकरला खाँसाहेब म्हणून घेतलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, पण त्या डोळ्यातली जळफळ आणि मागून राहुल देशपांडेचा आवाज, म्हणजे मूळ नाटकात आजोबा वसंतरावांनी केलेल्या भूमिकेला नातवाचा गळा, काटाच आला. सेकंड हाफ जरा ताणलाय, सूडाची भानगड उगाच फिल्मी वाटते. 'अरुणी किरणी' या गाण्यासाठी मात्र हेडफोन लावाच, महेश काळेला नॅशनल अवॉर्ड उगाच नाही मिळालं.