एनव्हीडीए स्क्रीन रीडर: आठ वर्षांच्या वापरानंतर

माझी नजर हळूहळू गेली. आधी बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, मग मोठी, शेवटी स्क्रीनवर नुसता उजेड उरला. त्या काळात मनाला सगळ्यात लागलं ते हे, की माझ्या तपासणीचा रिपोर्ट माझ्याआधी ताईला कळायचा. ती वाचता वाचता मधेच थांबायची आणि त्या थांबण्यावरूनच मला कळायचं, काहीतरी आहे. बँकेतली शिल्लक, पासवर्ड, कुणी विश्वासानं लिहिलेला मेल, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं. ती मायेनंच करायची, पण माझं एकटीचं असं काही राहिलंच नव्हतं.

एनव्हीडीएनं ते मला परत दिलं. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्राम, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली लिहायला घेतला. पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. तोवर चांगले स्क्रीन रीडर नव्हते असं नाही, पण त्यांचा परवाना बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा होता. एनव्हीडीए मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, आणि पेनड्राइव्हमध्ये टाकून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल न करताही चालवता येतो. ज्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मजकूर बोलून दाखवणारं ईस्पीक सॉफ्टवेअर त्याच्यासोबतच येतं, पण त्याचा आवाज यांत्रिक आहे. पहिल्या आठवड्यात माझं डोकं उठलं होतं. पण कान सरावतो, आणि मग वेग वाढवत नेला तरी शब्द सुटत नाही. वेबपानावर 'एच' दाबलं की पुढचं शीर्षक, 'के' दाबलं की लिंक, 'बी' दाबलं की बटण. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तशी मी बोटं फिरवते. स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरंसुद्धा इन्सर्ट आणि 'आर' दाबून ओळखून घेता येतात.

मला सगळ्यात आवडलेली सोय मात्र स्क्रीन पडद्याची. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबलं की स्क्रीन काळी होते, आवाज चालू राहतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला काही दिसत नाही. परवाचा रिपोर्ट मी असाच वाचला, कानात इअरफोन घालून. आकडे चांगले नव्हते. ते मला आधी कळले आणि मग मी ताईला सांगितलं, माझ्या शब्दांत.

आता जिथे अडतं ते. स्क्रीन रीडर पानात लिहिलेलंच वाचू शकतो. चित्राला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत लिहा, बटणाला नाव द्या, हे वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत १९९९ सालापासून लिहिलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या करारातलं नववं कलम माहिती-तंत्रज्ञान आमच्यासाठीही खुलं असावं म्हणतं. तो करारही २००६ चाच. तरी मी एका सरकारी योजनेचा अर्ज भरायला बसले तेव्हा कानावर काय आलं? "बटण. बटण. बटण." कुठलं 'जतन करा' आणि कुठलं 'रद्द करा', कळायला मार्ग नाही. अंदाजानं एक दाबलं आणि अर्ध्या तासाची मेहनत पुसली गेली. दुसऱ्यांदा सगळं भरून शेवटाला पोचले, तर चित्रातली वेडीवाकडी सहा अक्षरं ओळखायला सांगितली. ऐकायचा पर्याय नाही. मी माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी मला दिसायला हवं, असाच त्याचा अर्थ झाला. हा दोष एनव्हीडीएचा नाही. पण नवा वापरणारा इथे हमखास स्वतःला दोष देतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. तुमचं काही चुकलेलं नसतं.

शिकताना घाई करू नका. आधी चार-पाच कळा पक्क्या करा, बाकीच्या आपोआप येतात. आवाज थांबवायला कंट्रोल, एवढं पहिल्या दिवशीच लक्षात ठेवा. कॉम्प्युटर वापरणाऱ्या कुठल्याही अंध माणसाला मी हाच आधी सुचवेन.

तो अर्ज अखेर गेला. पण ती सहा अक्षरं वाचायला मला ताईला हाक मारावी लागली, आणि माझं उत्पन्न लिहिलेलं अख्खं पान तिच्यासमोर उघडं होतं.