बचावपटूला आकड्यांत मोजणारी सेवा
फुटबॉल क्लबच्या अकादमीतून वर आलेल्या तरुण बचावपटूला मुख्य संघात कायम करावे की अनुभवासाठी दुसऱ्या क्लबला उसने द्यावे, हा चाहत्यांचा वाद मिटवण्याचा दावा करणारी एक सशुल्क विश्लेषण सेवा मी वापरतो. टॅकल (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे) आणि हेडरचे (डोक्याने चेंडू मारणे) तक्ते चोख आहेत. मात्र जागा अचूक धरणाऱ्या सेंटर-बॅकवर, म्हणजे मधल्या बचावपटूवर, टॅकलची वेळच क्वचित येते आणि नेमके त्यालाच ही सेवा कमी गुण देते. पैसे वसूल होतात ते चित्रफितींमुळे, कारण चेंडू दुसऱ्या बाजूला असताना बचावपटू खांद्यावरून मागे पाहतो का, हे दृश्य थांबवून तपासता येते. यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार 15 ते 21 या वयात किमान 3 हंगाम क्लबकडे नोंदणीकृत असलेला खेळाडू क्लब-प्रशिक्षित ठरतो. बचावपटू असा ठरतो का, ही साधी नोंदही या सेवेत नसावी, हे खटकते.