लक्ष्मी विलास पॅलेस, वडोदरा: एकदाच बघावा की पुन्हा यावं?

सयाजीराव गायकवाडांचा हा राजवाडा १८९० साली पूर्ण झाला. ब्रिटिश वास्तुविशारद मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या निधनानंतर दुसरे वास्तुविशारद चिझम यांनी काम तडीस नेलं. पण तिकीट काढून आत गेलेल्या अनेकांचा हिरमोड होतो, कारण हे राजघराण्याचं राहतं घर आहे, त्यामुळे मोजकीच दालनं खुली असतात. अख्खा वाडा बघायला मिळेल या समजुतीने आलेला माणूस पुन्हा फिरकत नाही.

ऑडिओ गाइडचा हेडफोन आधी तपासून घ्या. दरबार हॉलमध्ये घाई नको. व्हेनेशियन मोझेकची फरशी आणि रंगीत काचा सावकाश बघण्याच्या गोष्टी. आत फोटोला बंदी आहे. (बरंच आहे, नाहीतर सगळे सेल्फीतच अडकतील.)

खरी चूक पुढे होते. आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयाचं तिकीट वेगळं, म्हणून लोक ते गाळतात. राजा रविवर्म्यांची बरीच मूळ चित्रं तिथे आहेत. पाहुण्यांना घेऊन परत येणारे बडोदेकर बहुधा त्या चित्रांसाठीच येतात. सोमवारी मात्र जाऊ नका, बंद असतं.