प्रेशरलेस बॉलची बादली: दिवाळी ते नागपंचमी

दिवाळीच्या आठवड्यात टेनिसचे ४८ प्रेशरलेस, म्हणजे आत दाबलेली हवा नसलेले, बॉल, झाकणाच्या बादलीसकट, ऑनलाइन मागवले. त्याआधी बेळगावच्या खडेबाजारात चौकशी करून आलो होतो. दुकानदारानं मलाच विचारलं, "हार्ड देऊ की सॉफ्ट?" आपल्याकडे टेनिस बॉल म्हणजे क्रिकेटचा, त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक!

मी बावन्न वर्षांचा. सकाळी सहाला टिळकवाडीतून स्कूटर काढायची, दोन सेट डबल्स खेळायचं आणि आंघोळ करून बँकेत जायचं, एवढंच माझं टेनिस. फोरहँड बरा, पण दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळते ती, म्हणजे लाज. पार्टनर एकदा समोरच्यांच्या देखत म्हणाला, "अण्णा, तुम्ही सर्व्हिस करालाय की प्रसाद वाटालाय?" सेटमागे पाच-सहा डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जाणं) ठरलेले, आणि आत पडलेली सर्व्हिस पलीकडचा पुढं येऊन हाणायचा. रोज मॅच खेळून हे सुधारत नाही, कारण मॅचमध्ये दुसरी सर्व्हिस येते तीच मुळात घाबरलेल्या हाताला. एकट्यानं भरपूर मारायला हवी. तीन बॉलच्या डब्यावर ते जमत नाही. तीन मारा, पलीकडे जाऊन वेचा, परत या.

सर्व्हिसला उसळी कशाला हवी, जुने मेलेले बॉल चालतात की, असं कुणीही म्हणेल. वर्षभर मीही तेच केलं. अडचण ही की दुसऱ्या सर्व्हिसची किंमत टप्प्यानंतर कळते. बॉल पलीकडच्याच्या खांद्यापर्यंत चढला की कमरेलाच राहिला? मेलेला बॉल तर गुडघ्यालाच बसतो. मग आपण उगाच जोर लावत जातो.

साध्या बॉलमध्ये हवा दाबून भरलेली असते आणि डबा उघडल्यापासून ती रबरातून हळूहळू झिरपते. प्रेशरलेसमध्ये तो दाबच नसतो, उसळी जाड रबराची. म्हणून तो मरत नाही. हे खरं का, ते घरी बघितलं. आंतरराष्ट्रीय नियमात बॉल २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. हॉलच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा केल्या, मुलीला मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावला. मे महिन्यात उघडलेल्या डब्यातले बॉल जुलैअखेर १२० च्या आसपास आले. बादलीतले नऊ महिन्यांचे बॉल १४० ला. भिंतीवरच्या खुणा अजून आहेत, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

आता वापर. आठवड्यातून दोन दिवस, मॅचच्या आधी अर्धा तास, दोन्ही बाजूंनी २४-२४, सगळ्या दुसऱ्याच सर्व्हिस. पहिलीला हात लावायचा नाही. खूण म्हणून रिकामा डबा ठेवायचा: उजव्या कोर्टात मधल्या रेषेजवळ, डाव्या कोर्टात बाहेरच्या कोपऱ्याकडे. समोरचा उजखोरा असेल तर दोन्हीकडे त्याचा बॅकहँडच येतो. डबल्समध्ये मधल्या रेषेवरची सर्व्हिस मला जास्त भावली. समोरच्याला कोन मिळत नाही आणि नेटवरच्या आपल्या पार्टनरला परतीचा बॉल मधेच खायला मिळतो. पहिले दोन महिने मी नेट चुकवायच्या नादात बॉल ढकलतच होतो. फरक पडला तो नेटच्या पट्टीच्या हात-दीड हात वरून मारायचं ठरवल्यावर. रॅकेटचा वेग तोच ठेवायचा, फक्त खालून वर घासायचं. वॉचमन दर वेळी बघायचा. तिसऱ्या फेरीला ओरडायचा, "साकु बिडरी सार, बिसलु बंतु!" कानडीत म्हणजे, पुरे करा साहेब, ऊन आलं. ऊन खरंच आलेलं असायचं.

मार्चपर्यंत डबल फॉल्ट सेटमागे दोनवर आले. जास्त बरं वाटलं ते याचं की पलीकडचा आता पुढं सरकत नाही, जागेवरच उभा राहतो.

पण या बॉलवर मॅच खेळू नका. एकदा डबा विसरला म्हणून आम्ही खेळलो, चौघंही वैतागले. रॅकेटवर बॉल लाकडासारखा आपटतो. ड्रॉप आणि व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला बॉल) मारताना हाताला काही कळतच नाही; नेटजवळ हलका सोडलेला बॉल दोन हात पुढं जाऊन उभा राहतो. डोक्यावरून उंच टाकायच्या लॉबचीही तीच कथा. सर्व्हिसचा सराव संपवून साध्या बॉलवर आलात की पहिली दहा मिनिटं अंदाज चुकतो, ती सोसायची.

परतीच्या सरावाला मात्र चालले. पार्टनर अर्ध्या कोर्टातून सर्व्हिस टाकायचा आणि मी फक्त तिरपं परत मारायचो. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबाशी १०७. शिवाय डबल्स कोर्टाचा कर्ण २६ मीटरच्या वर, सरळ लांबी २३.७७. म्हणजे तिरप्या बॉलला नेट बुटकं आणि कोर्ट लांब. हे माहीत असूनही आम्ही नेटवाल्याच्या शेजारून सरळ मारायला जातो, कारण एखादा बसला की दिवसभर त्याचीच चर्चा.

कोपराचं सांगायलाच हवं. जानेवारीत उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका सुरू झाला. माझ्या रॅकेटवर पॉलिस्टरची कडक तार होती, वर हे कडक बॉल. तीन आठवडे बंद ठेवलं, मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंची, मऊ) तार घातली, ताण ५४ वरून ५० पाउंडवर आणला. मग त्रास कमी झाला. पॉलिस्टर असेल तर ही बादली घेण्याआधी तार बदला, नंतर नाही.

आणखी एक खोट पाचव्या महिन्यात कळली. आमचं कोर्ट सिमेंटचं, बॉलवरची लोकर लवकर जाते. टकला झालेला बॉल हलका होतो, जास्त उडतो आणि फिरकी घेत नाही. ज्या चढणाऱ्या सर्व्हिससाठी हे सगळं केलं, तीच त्यावर चढत नाही. असे अकरा बॉल वेगळे काढून भिंतीवर मारायला ठेवलेत.

जूनपासून कोर्टवर पाणी. बेळगावचा पाऊस काय सांगायचा, बादली बाल्कनीतच आहे. एकदा ओल्या कोर्टावर हौसेनं मारले तर लोकर पाणी प्याली आणि दोन दिवस वाळवूनही वास गेला नाही. झाकण घट्ट असेल तर आत बुरशी धरते, मी आता वर्तमानपत्र घालून झाकण अर्धवट ठेवतो.

४८ मधले सात शेजारच्या कंपाउंडात गेले, ते आले नाहीत. गणपतीनंतर कोर्ट वाळलं की २४ आणखी घेणार आहे, बादलीशिवाय. तुम्हाला ग्रुपमध्ये घ्यायचे असतील तर चौघांत मिळून घ्या, मात्र कोर्टवर कोण वेचणार ते आधी ठरवा. आमच्याकडे ते अजून ठरलेलं नाही.