एअरफिक्सचं छोटं स्पिटफायर, बडोद्याच्या रंगात

मत आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा स्पिटफायर मार्क वन-ए 'स्टार्टर सेट', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं स्वतः जुळवायचं १/७२ मॉडेल (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं), सोबत रंग, गोंद आणि ब्रश. त्यातलं प्लास्टिक उत्तम, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) चांगले, रंग कामापुरते आणि ब्रश शाळकरी रंगपेटीतल्यासारखा. घ्यावा का? जरूर घ्यावा. फक्त डब्यावर छापलंय तेच विमान केलं पाहिजे असं नाही. या डब्यातून बडोद्याचं स्पिटफायर होतं, आणि ते कसं करायचं हेच मला मुख्यतः सांगायचंय.

मी बडोद्याची, माहेर दांडिया बाजारातलं. डेंटल लॅब चालवते: कॅप, ब्रिज, कवळ्या. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांना रंग जुळवायचा आणि रात्री त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली विमानं. लॅबचा कॉम्प्रेसर एअरब्रशला चालतो आणि भिंग डोक्याला कायमचं असतंच, त्यामुळे घरच्यांना या छंदाचा वेगळा खर्च दिसत नाही. (दिसत नाही म्हणजे नसतो, असं नव्हे.)

हा डबा आठवीतल्या भाच्यासाठी मागवला होता. ऑनलाइन विक्रेत्यानं तो साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवला. एक कोपरा पूर्ण चेपलेला, तक्रारीला उत्तर शून्य. आतली फ्रेम शाबूत होती म्हणून मी पुढे भांडले नाही. तुम्ही मागवाल तेव्हा 'खोक्यात घालून पाठवा' असं आधी लिहून घ्या, आणि ज्याच्याकडून घ्याल त्याचे आधीच्या गिऱ्हाइकांनी टाकलेले पॅकिंगचे फोटो बघा. गंमत अशी की एअरफिक्सच्या मधल्या काही वर्षांतल्या पुष्कळ डब्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं आहे. म्हणजे आपल्याकडे ओतलेलं प्लास्टिक बोटीनं विलायतेला जातं आणि तिकडून कस्टम भरून परत आपल्याच दारात येतं! किमतीबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

एअरफिक्सनं पहिलं स्पिटफायर काढलं १९५३ साली. तेव्हा ते पिशवीत भरून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकलं जायचं. आताचा साचा तो नव्हे, नवा आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटरच्या किंचित वर. लांबी पावणेतेरा. टेबलाच्या एका कोपऱ्यात सगळं काम होतं, आणि नव्या माणसाला हा आकार याच कारणानं योग्य. १/४८ची, म्हणजे मोठ्या मापाची, पहिलीच उडी घेऊन अर्ध्यावर सोडलेली विमानं मी बऱ्याच कपाटांवर पाहिली आहेत.

जुळणीत फार लिहिण्यासारखं नाही, आणि ते कौतुकानंच म्हणते. भाग फ्रेममधून ओढून तोडू नका, कटरनं कापा आणि राहिलेला खुंट दोनदा घासा. कॉकपिट साधं आहे. वरचं काचेचं झाकण बंद ठेवणार असाल तर त्यावर रात्री घालवू नका. पायलटची सीट मात्र आवर्जून तांबूस तपकिरी करा. ती पुष्कळ विमानांत धातूची नव्हती, बेकलाइटच्या जातीच्या मिश्रणाची होती, आणि बारक्याशा झाकणातूनही तो रंग कळतो. डब्यातला गोंद भाच्याच्या पिढीसाठी ठीक. मी टामियाचा हिरव्या टोपणाचा एक्स्ट्रा थिन वापरते. दोन भाग कोरडे जुळवून धरायचे आणि सांध्याला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, तो आपोआप आत ओढला जातो. कॉकपिटच्या मागे पाठीवर दोन अर्धुकांचा सांधा राहतो. खऱ्या विमानावर तिथे रेघ नाही, तेव्हा तो घासून पूर्ण नाहीसा झाला पाहिजे.

माझी या किटबद्दल एकच कुरकुर, पॅनेलच्या रेघांची, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या खाचांची. थोडा हिशेब करा: रेघ ०.२ मिलिमीटर धरली तरी खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरची फट झाली. खऱ्या स्पिटफायरच्या पत्र्यात बोट जाईल अशी फट असती तर ते उडालं असतं की नाही कोण जाणे. १/७२ मध्ये ही तडजोड सगळेच कारखाने करतात. एअरफिक्सच्या हाताला ती जरा जड आहे, इतकंच. उपाय सोपा: प्रायमरचा एक जास्तीचा हात द्या, रेघा थोड्या बुजतात. आणि पुढे वॉश (रेघांत उतरणारा अगदी पातळ रंग) देताना काळा रंग डोक्यातूनच काढून टाका.

आता बडोद्याकडे. डब्यातल्या डेकलमध्ये १९४० सालच्या बिगिन हिल या इंग्लंडमधल्या विमानतळावरच्या ६१० स्क्वाड्रनचं (हवाई तुकडीचं) विमान आहे. ते चांगलंच आहे, पण जगातल्या निम्म्या कपाटांत तेच उभं आहे. दुसऱ्या महायुद्धात संस्थानिकांनी विमानांसाठी देणग्या दिल्या. एका स्पिटफायरची नाममात्र किंमत तेव्हा ५,००० पौंड धरत. मोठी देणगी असेल तर रॉयल एअर फोर्सच्या आख्ख्या स्क्वाड्रनला त्या संस्थानाचं नाव मिळे. हैदराबादच्या नावाची १५२ ठाऊक असते पुष्कळांना. गायकवाडांच्या बडोद्याच्या नावाची होती १२४. मे १९४१ मध्ये ती कासलटाउनला उभी राहिली, स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला. काम होतं स्कापा फ्लोच्या आरमारी तळाची राखण. सुरुवातीला मिळाली मार्क वन स्पिटफायर. बाजूवर अक्षरं 'ओएन', आणि स्क्वाड्रनच्या चिन्हावर चक्क मुंगूस. हे सगळं भाच्याला सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न: "मावशी, मग विमानावर बडोदा कुठे लिहू?" कुठेच नाही रे बाबा. नाव स्क्वाड्रनचं, विमानावर फक्त 'ओएन'. तो थोडा हिरमुसला.

या निवडीमुळे किटमध्ये भाग एकही बदलत नाही, रंगात मात्र तीन गोष्टी बदलतात. वरची छटा तीच, डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन. राखाडी-हिरवा जोड ऑगस्ट १९४१ पासून आला, म्हणजे नंतर. पण १९४० च्या हिवाळ्यात फायटर कमांडनं शेपटीपुढे १८ इंची पट्टा आणि पंख्याच्या नाकाला स्काय (फिकट हिरवट) रंग सांगितला होता, तो हवा. १८ इंच म्हणजे १/७२ मध्ये ६.३५ मिलिमीटर. टामियाची मास्किंग टेप ६ मिलिमीटर रुंदीत मिळते. शेपटीपुढे आधी स्काय मारा, वाळू द्या, त्यावर ही टेप गुंडाळा आणि मग बाकीचं विमान रंगवा. मोजपट्टी हातात न घेता पट्टा होतो. जो मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा कमी पडतो तो माझ्याशिवाय कुणाला दिसलेला नाही. अक्षरं डब्यात मिळणार नाहीत. एक्स्ट्राडेकलची सुटी राखाडी अक्षरं येतात, 'मीडियम सी ग्रे' अशा नावानं शोधा. तिसरं अक्षर आणि सीरियल नंबर मनानं ठोकू नका, खऱ्या विमानाचा फोटो शोधून त्यावरून घ्या. वर्तुळं डब्यातलीच चालतात.

डब्यातले रंग पाण्याचे आहेत, आणि आपल्याकडे हा फायदाच म्हणायचा. विमानानं येणाऱ्या पार्सलात ज्वलनशील द्रव चालत नाहीत, म्हणून इनॅमल आणि थिनरची बोंब असते. ब्रशनं दोन-तीन पातळ हात द्या, एकच जाड नको. तपकिरी आणि हिरवा लवकर झाकतात, स्काय मात्र फिकट असल्यानं अंत बघतो. एअरब्रश असेल तर टामियाचे एक्सएफ-८१ हिरव्यासाठी आणि एक्सएफ-२१ स्कायसाठी. तपकिरीला एक्सएफ-५२ जवळ जातो. ऋतूही बघा. मे महिन्यात आमच्याकडे ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळतं, जुलैत लॅकर मारलं तर हवेतल्या दमटपणानं पांढुरकं पडतं. लॅबच्या कॉम्प्रेसरला पाण्याचा ट्रॅप आहे म्हणून माझं निभावतं. साधा कॉम्प्रेसर घेणार असाल तर ट्रॅपवर पैसे वाचवू नका.

वेदरिंगचं, म्हणजे विमान वापरलेलं दिसावं म्हणून करायच्या कामाचं, मात्र सविस्तर लिहिते, कारण बहुतेक चांगली विमानं तिथे बिघडतात. लोक विमान भाजून काढतात. सगळीकडे काळ्या रेघा, सगळीकडे चांदीचे ठिपके, वर धूळ. पण हे विमान कुठलं? स्कॉटलंडच्या टोकावरचं. तिथे वारा आणि पाऊस, धूळ कसली! चिखल टायरला आणि पोटाला, आणि पावसाचे ओघळ. वाळवंटातली पिवळट पावडर या विमानावर दिसली की मला उठून पुसावीशी वाटते.

दुसरं, हे विमान नवं कोरं नव्हतं. १९४१ च्या मध्यात आघाडीच्या तुकड्यांकडे पुढची आवृत्ती, मार्क फाइव्ह, येत होती. मागच्या, नव्या तुकड्यांच्या वाट्याला बहुधा दुसरीकडे वापरलेली मार्क वन. म्हणजे वरचे दोन रंग जुने, उन्हापावसात उतरलेले, आणि स्कायचा पट्टा त्यांच्यापेक्षा ताजा. जुन्या स्क्वाड्रनची अक्षरं पुसून नवी घातलेली, तेव्हा 'ओएन'च्या मागे एक-दोन चौकोनी ठिगळं, तोच हिरवा आणि तोच तपकिरी, पण अर्ध्या छटेनं गडद. ही ठिगळं मी बाकी सगळ्या वेदरिंगआधी मारली. माझ्या मते या विमानावरचं सगळ्यात मोलाचं काम तेच, आणि त्याला लागला एक थेंब रंग.

पोर्सेलिनच्या कॅपला स्टेन देताना आम्ही दाताच्या मानेला किंचित तपकिरी देतो आणि थांबतो. दिसलं पाहिजे, कळता कामा नये. वॉशचंही तेच. चकचकीत वार्निशचा हात, त्यावर डेकल, डेकलला मायक्रो सेट आणि मायक्रो सोल (डेकल नीट बसवणारी द्रावणं), पुन्हा वार्निश. मग कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर, त्यात चिमूटभर राखाडी, टर्पेन्टाइनमध्ये चहाइतका पातळ. पोटाच्या स्काय रंगावर तर त्याहूनही फिकट. अर्ध्या तासानं कापसाच्या काडीनं पुसायचा, वारा ज्या दिशेनं जातो त्या दिशेनं, पुढून मागे. टामियाचं तयार पॅनेल लाइन ॲक्सेंट सोयीचं आहे, टोपणातच ब्रश असतो. पण ते इनॅमलचं. उघड्या प्लास्टिकच्या ताण पडलेल्या सांध्यात साचलं तर प्लास्टिक तडकू शकतं, म्हणून वार्निश आधी.

चांदीचे ओरखडे द्यायचे तर हिशेब पुन्हा करा: एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्यावर सात सेंटिमीटर रंग उडालेला. तेव्हा ब्रश नको, टोकदार चांदी पेन्सिल. आणि कुठे? पायलट चढतो डाव्या बाजूनं, छोटं दार तिकडेच, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांच्या खुणा. इंजिनाचं झाकण रोज उघडतं, त्याच्या स्क्रूंभोवती चार-दोन टिंबं. उजवा पंख जवळजवळ कोरा ठेवा. दोन्ही पंखांवर सारखे ओरखडे असले की समजावं, करणाऱ्यानं विमान पाहिलं नाही, दुसऱ्याचं मॉडेल पाहिलं.

मर्लिन इंजिनाच्या धुराला तीन-तीन नळ्या दोन्ही बाजूंना. पेट्रोलात शिसं, म्हणून काजळी निव्वळ काळी नसते, तपकिरीवर राखाडी झाक असते. सुकं पेस्टल ब्लेडनं खरवडून, मऊ ब्रशनं, नळ्यांपासून मागे पंखाच्या मुळावरून नेत विरवायचं. पोटावर तेलाच्या एक-दोन रेघा, ऑइल कलरच्याच. बंदुकांच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या असतात, त्या शाबूत दाखवल्या तर पंखाखाली बारूदाचे डाग नकोत. दोन्ही एकदम दाखवणं म्हणजे न झालेल्या गोळीबाराचा धूर. मी पट्ट्या शाबूत ठेवल्या, स्कापा फ्लोवरचा एक कंटाळवाणा गस्तीचा दिवस समजून. शेवटी मॅट वार्निश, आणि रंगवण्याआधी काचेच्या झाकणावर लावलेली टेप त्यानंतरच काढायची.

भाच्यानं त्याचं ६१०चंच केलं, डब्याच्या ब्रशनं, डब्याच्या रंगात. हिरव्यातपकिरीची सीमा थोडी नागमोडी झाली आहे, पण खरी विमानंही सगळी एकाच हातानं रंगवलेली नव्हती. पहिल्या विमानाला मी दहात सातपेक्षा कमी गुण देणार नाही, आणि त्यातले निम्मे किटचे.

एअरब्रश आणि रंग घरात असतील तर हेच प्लास्टिक रंग-गोंदाशिवाय सुट्या डब्यात मिळतं, ते स्वस्त पडतं. मुलासाठी घेणार असाल तर स्टार्टर सेटच घ्या, पण सोबत एक साइड कटर आणि बारीक पॉलिशपेपर मागवा. ते दोन्ही डब्यात नसतात, आणि रविवारी दुपारी पोरगं सुरी मागायला स्वयंपाकघरात येतं.