पाहुण्यांसाठी आणलेल्या पोहायच्या सहा चड्ड्या

आमचं घर मालवणजवळच्या देवबागला. पुढे समुद्र, मागे कर्ली नदी, मधल्या पट्टीत माडांखाली पाहुण्यांना राहायला देतो त्या आमच्या चार खोल्या. पाहुण्यांच्या घरच्या बायका पाण्यात काय घालायचं ते ठरवून बॅग भरतात. पुरुष मात्र अंगावर असेल त्यात शिरतात. जीन्स, सुती थ्री-फोर्थ, दुमडलेली ऑफिसची पँट, नाहीतर नुसता पांढरा जांघ्या. पांढरं सुती कापड भिजलं की काही झाकत नाही. त्याच अवस्थेत माणूस पडवीत येऊन चहा मागतो, आणि तिथे माझी सून, शेजारच्या मुली बसलेल्या असतात. मला याचा खरंच राग येतो.

जीन्सचा तर धसकाच आहे. एकदा एका पाहुण्याची जीन्स मी मासळी तोलायच्या काट्यावर टाकली. कोरडी पाऊण किलोच्या आत होती, भिजल्यावर जवळजवळ दोन किलो. एवढं ओझं पायांना गुंडाळून लाटेत उभं कसं राहायचं?

गेल्या वर्षी रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून दीडशेवाल्या चड्ड्या घेतल्या होत्या. आत अस्तर नाही, नाडी नाही, नुसतं इलॅस्टिक. काळा रंग माझ्या दोन पांढऱ्या टॉवेलांना लागला तो अजून गेलेला नाही. एक पाहुणा तर पहिल्या लाटेपासून कंबर धरूनच उभा. समुद्रात दोन्ही हात मोकळे हवेत, पडलं तर टेकायला, पोर घसरलं तर धरायला.

म्हणून या हंगामात मालवणच्या बाजारातून 380 रुपयांना एक, अशा सहा आणल्या. गुडघ्याच्या वर चार बोटं, पातळ पण घट्ट विणीचं कापड, आत जाळीचं अस्तर. जाळी मऊ असल्यामुळे मांड्या घासत नाहीत. खारं पाणी आणि वाळूने सोलवटलेल्या मांड्यांना खोबरेल मागणारे पाहुणे यंदा कमी झाले. इलॅस्टिकच्या आतून खरी नाडी आहे, ओढून गाठ मारता येते. मागच्या खिशाला धातूचं भोक आहे, त्यातून पाणी निघून जातं, खिसा फुगत नाही. दोरीवर टाकली की तासाभरात कोरडी. जीन्स दुसऱ्या दिवशी दुपारीही ओलसरच असते.

दोन तक्रारी आहेत. अस्तराच्या शिवणीत वाळू अडकते, उलटी करून गोड्या पाण्यात दोनदा खळबळावी लागते. आणि मापं लहान आहेत, एल लिहिलेली एमच्या माणसाला बसते.

मी तीन निळ्या, तीन केशरी घेतल्या होत्या. माझा भाचा बोट चालवतो, तो बघताच म्हणाला, "आते, केशरीच आण. निळो पाण्यात दिसणा नाय." दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर उभी राहून बघितलं. लाटेपलीकडे केशरी लगेच सापडत होती, निळी शोधावी लागत होती. पुढच्या खेपेला सगळ्या केशरी, आणि त्यातल्या चार तरी डबल एक्सएल.