डिस्कॉर्ड, डिस्कोर्स की झुलिप? विज्ञानवेड्या प्रोग्रामरांची गाठ घालून देताना

समजा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांचा तीनशे जणांचा ऑनलाइन गट आहे. त्यात खगोलशास्त्रात रमणारे नऊ, जनुकांच्या डेटावर काम करणारे पंधरा आणि हवामानाची मॉडेलं चालवणारे सहा जण आहेत. रोजच्या गप्पा मात्र नोकऱ्या, फ्रेमवर्क आणि लॅपटॉपच्या, त्यामुळे हे तीस जण एकमेकांना सापडतच नाहीत. अशा वेळी चालकाला पहिला मोह होतो तो दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायचा. स्लॅक या कामाच्या गप्पांच्या अॅपवर डोनटसारखा बॉट, म्हणजे छोटा प्रोग्राम, हे काम आपोआप करतो. पण हिशेब करून बघा. एका खगोलवाल्याच्या वाट्याला दुसरा खगोलवाला येण्याची शक्यता २९९ मध्ये ८, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. ओळखी वाढतील, पण ज्यासाठी हा खटाटोप केला ते होणार नाही.

म्हणून आधी आवड नोंदवून घ्यावी लागते, आणि इथेच बहुतेक फॉर्म फसतात. 'आवडता विषय: जीवशास्त्र' असं लिहिणाऱ्या दोघांपैकी एक पक्ष्यांच्या आवाजांचं वर्गीकरण करत असतो, दुसरा जनुकक्रमाच्या फाइलींशी झगडत असतो. दोघांना एका खोलीत बसवलं तर नमस्कार-चमत्काराच्या पुढे गाडी जात नाही. विषयापेक्षा फाइलीचा प्रकार जास्त बोलका असतो. फिट्स म्हटलं की खगोल, फास्टक्यू म्हणजे जनुकक्रम, डायकॉम म्हणजे वैद्यकीय प्रतिमा, नेटसीडीएफ म्हणजे हवामान किंवा समुद्र. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न ठेवा: विषय कोणता, कोणत्या प्रकारचा डेटा आणि कोणती लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरता, आणि सध्या काय अडलंय. तिसरा प्रश्न बरेच जण रिकामा सोडतात, पण ज्यांनी भरला त्यांचीच गाठ लवकर पडते. त्याला पर्यायांची यादी देऊ नका, एक मोकळी ओळ द्या.

आता ही माणसं बसवायची कुठे? व्हॉट्सअॅप इथे बाद. एका ग्रुपला १,०२४ सदस्यांची मर्यादा आहे, पण खरी अडचण ती नाही. प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनोळखी माणसांच्या गटात ते अनेकांना, विशेषतः मुलींना, नको असतं. शिवाय समीकरण लिहायची सोय नाही. स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये फक्त मागचे ९० दिवस दिसतात, आणि २०२४च्या ऑगस्टपासून वर्षाहून जुना मजकूर पुसलाच जातो. जूनमध्ये कोणी फिट्सच्या हेडरबद्दल विचारलेलं दिवाळीला आलेल्या माणसाला सापडत नाही. उरतात तिघं: गप्पांचं डिस्कॉर्ड, फोरमसारखं डिस्कोर्स आणि विषयवार गप्पांचं झुलिप. त्यांपैकी दोघांची नावं एकाच घरातल्या भावंडांसारखी आहेत, तेव्हा वाचताना जपून.

डिस्कॉर्ड: गर्दी आहे, आठवण नाही

विद्यार्थी आधीपासून तिथेच असतात, हा डिस्कॉर्डचा सर्वांत मोठा फायदा. आवाजाची खोली उघडून संध्याकाळी चौघांनी एकत्र एखादं नोटबुक (कोड आणि त्याचं उत्तर एकत्र दाखवणारी फाइल) चालवायचं असेल तर यासारखं सोपं दुसरं काही नाही. आवडीनुसार वाटण्यासाठी 'ऑनबोर्डिंग' नावाची सोय आहे: नवा सदस्य प्रश्नांची उत्तरं देतो, त्याला रोल (आवडीची खूण) मिळतो आणि त्या रोलचे चॅनेल, म्हणजे गप्पांच्या खोल्या, दिसू लागतात. अट अशी, की सर्वांना दिसणारे किमान ७ चॅनेल हवेत आणि त्यांतल्या ५ मध्ये कोणालाही लिहिता आलं पाहिजे. छोट्या गटाला यासाठी उगाच चार रिकामे चॅनेल उघडावे लागतात, आणि रिकाम्या खोलीत पहिलं वाक्य टाकायला कोणी धजत नाही. दुसरी चूक नेहमीची: 'खगोल' हा रोल तयार होतो, पण कोणीही @ लावून त्याला हाक मारू शकेल अशी परवानगी रोलच्या सेटिंगमध्ये बंदच राहते. मग सदस्य हौसेने हाक मारतात आणि सूचना कोणालाच जात नाही.

विज्ञानाच्या कामाला इथे तीन ठिकाणी अडायला होतं. पहिलं, मोफत खात्यात संदेश २,००० अक्षरांचा. पायथनचा लांबलचक एरर चिकटवला की त्याची वेगळी फाइल होते, आणि ती उघडून वाचायची तसदी निम्मे लोक घेत नाहीत. दुसरं, फाइल १० एमबीपर्यंतच. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची २०४८ × २०४८ पिक्सेलची १६-बिट फ्रेम ८ एमबीची, ती कशीबशी जाते. ४०९६ × ४०९६ ची ३२ एमबी होते, ती जात नाही. तिसरं, समीकरण मुळातून दिसत नाही, त्यासाठी टेक्सिटसारखा बॉट बसवावा लागतो. आणि चर्चा गुगलला दिसत नाही. नाशिकहून कोणी नेमका तोच प्रश्न शोधत असेल, तरी त्याला तुमचा गट आहे हे कळायला मार्ग नाही.

डिस्कोर्स: संथ, पण जुना प्रश्न सापडतो

जैविक प्रतिमांवर काम करणाऱ्यांचा इमेज डॉट एससी हा फोरम डिस्कोर्सवरच आहे. तिथे इमेजजे, सेलप्रोफायलर, नपारी अशा सॉफ्टवेअरच्या नावांचे टॅग आहेत, आणि माणसं त्या टॅगांवरून जुळतात. ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेच्या डिस्कोर्सवर विशिष्ट क्षेत्रांसाठी वेगळा विभाग आहे: जीवशास्त्र आणि वैद्यक, ऑप्टिमायझेशन, संख्याशास्त्र वगैरे. दोन्हींची रचना निराळी असली तरी शहाणपण एकच: प्रश्न आधी, ओळख नंतर. तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाखाली आजही कोणी उत्तर टाकतं आणि मूळ विचारणाऱ्याला मेल जाते. काही दिवस न फिरकलेल्यांना सारांशाची मेलही जाते, मूळ सेटिंगमध्ये दर ७ दिवसांनी. नोकरी सांभाळून विज्ञान करणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे. मजकुराची मर्यादा ३२,००० अक्षरांची, त्यामुळे एररचं रडगाणं नाही. समीकरणांचं प्लगइन अधिकृत आहे, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं.

स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं तर किमान १ जीबी रॅम आणि सोबत स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा), पण २ जीबी घ्या. बसवताना डॉकर (सॉफ्टवेअर बसवायचं साधन) क्वचितच दगा देतो, दगा देते ती मेल. बऱ्याच क्लाउड कंपन्या मेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवतात, म्हणून मेलसेवेला ५८७ वरून जोडावं लागतं. डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (मेल खरंच तुमच्याकडून आली हे पटवणाऱ्या) नसतील तर खातं चालू करायची मेल स्पॅममध्ये जाते. नवा माणूस दारातच थांबतो, आणि चालकाला वाटतं की कोणाला रसच नाही.

दुसरी गोम विश्वासपातळीची. नवा सदस्य पातळी ० वर असतो आणि त्याला खासगी संदेश पाठवता येत नाही. पातळी १ मिळवायला ५ विषय उघडणं, ३० पोस्ट वाचणं आणि १० मिनिटं घालवणं, अशी मूळ अट आहे. स्पॅम रोखायला ती उत्तम. पण समोर आपल्यासारखाच नेटसीडीएफवाला दिसतोय आणि त्याला निरोप टाकता येत नाही, अशी नव्या माणसाची अवस्था होते. ही अट सैल करा, किंवा स्वागताच्या संदेशात स्पष्ट लिहा. प्रोफाइलमध्ये 'डेटाचा प्रकार' असं जादा फील्ड जोडा आणि ते सर्वांना दिसेल असं ठेवा. मूळ सेटिंगमध्ये ते नावावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या कार्डावर दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या आवडीचा उपयोग शून्य.

झुलिप: शिकायला आठवडा, मग सोडवत नाही

झुलिपमध्ये चॅनेलच्या आत प्रत्येक संदेशाला विषयाचं नाव द्यायची पद्धत आहे. नवख्यांना हे जाचक वाटतं. पण गाठी पडायला हीच गोष्ट उपयोगी येते, कारण 'खगोल' या चॅनेलमध्ये 'परिवर्ती ताऱ्यांची प्रकाशमिती' असा विषय दिसला की त्यातलं कळणारा माणूस आपोआप थांबतो. याचं ठळक उदाहरण म्हणजे गणिती सिद्धता तपासणाऱ्या लीन या भाषेचा गट. तिथे गणितज्ञ आणि प्रोग्रामर एकत्र बसतात. नवागतांसाठी एक चॅनेल, आणि 'अमुक गोष्टीचा कोड आहे का?' असं विचारायला चक्क वेगळा चॅनेल. डिसेंबर २०२० मध्ये गणितज्ञ पीटर शोल्झ यांनी आपल्या एका प्रमेयाची सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याचं आव्हान दिलं. योहान कोमेलिन यांच्या पुढाकाराने ते काम जुलै २०२२ मध्ये पुरं झालं, आणि त्यातली बरीचशी देवाणघेवाण झुलिपवरच झाली.

आवडीनुसार माणसं वाटायला फॉर्मही लागत नाही. निमंत्रणाची लिंक तयार करताना ती कोणत्या चॅनेलांत माणूस घालेल हे निवडता येतं. खगोलाच्या व्याख्यानानंतर एक लिंक, जनुकांच्या कार्यशाळेनंतर दुसरी. जो जिथून आला तो थेट आपल्या माणसांत. संदेश चुकीच्या विषयात पडला तर चालक तो हलवू शकतो, आणि पहिले दोन महिने हे रोज करावं लागतं. तसं केलं नाही तर सगळं एकाच ढिगात साठतं आणि झुलिप वापरण्यात अर्थ उरत नाही.

समीकरणाची एक खोच लक्षात ठेवा. ज्युपिटर नोटबुकात ओळीतलं समीकरण एकेरी डॉलर-चिन्हांत लिहितात, झुलिपला दुहेरी लागतात. नोटबुकातून जसंच्या तसं चिकटवलं की उघडे डॉलर दिसतात आणि माणसाला वाटतं सोयच नाही. झुलिपच्याच सर्व्हरवरच्या (क्लाउडच्या) मोफत प्लॅनमध्ये शेवटचे १०,००० संदेशच शोधता येतात, पण मुक्तस्रोत प्रकल्पांना आणि संशोधनगटांना अर्ज केल्यावर वरचा प्लॅन फुकट मिळतो. अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

निवडताना

सदस्य बहुतेक विद्यार्थी असतील आणि एक-दोन सत्रांचाच कार्यक्रम असेल, तर डिस्कॉर्ड. माणसं विखुरलेली, वेळ कमी आणि प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येत असतील, तर डिस्कोर्स. मेल सांभाळणारा एक जण मात्र हाताशी हवा. वीस ते दोनशे जण मिळून खरोखर काही बांधणार असतील, तर आमचं मत निःसंशय झुलिपला. दोन जागा एकदम उघडू नका, तीस माणसं दोन ठिकाणी वाटली की दोन्ही ओस पडतात. चॅनेलही सुरुवातीला एकच, 'विज्ञान'. एखादा विषय महिनाभर स्वतःच्या जोरावर चालला, की मग त्याला वेगळी खोली द्या.

गट आत्ता स्लॅकवर असेल तर निर्णय पुढच्या महिन्यात घ्या, पण एक्सपोर्ट (संदेशांची उतरवलेली फाइल) आजच काढून ठेवा. झुलिप ती फाइल आत घेतं, मात्र मोफत प्लॅनच्या एक्सपोर्टमध्ये मागच्या ९० दिवसांचंच मिळतं.